हुपरीची चांदी आणि घरात ‘बसलेल्या’ बायका

(महिला गटांच्या मेळाव्यात ‘आपलं गाव, आपलं काम’ या सत्रात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला हुपरीबद्दल बोलायला सांगितलंय. हुपरीचं नाव घेतलं की बायका आधी स्वतःच्या पायाकडे बघतात, हा माझा नेहमीचा अनुभव. आत्ताही समोरच्या दोघी-तिघींनी बघितलं! तर तुमच्या पायातल्या पैंजणांच्या गावाची मी मुलगी.

हातकणंगले तालुक्यातलं हे गाव. आता तिथे नगरपरिषद आहे, पण आमच्या तोंडी अजून ‘गाव’च आहे. शेजारी पट्टणकोडोली, रेंदाळ, यळगूड. थोडं पुढे गेलं की कर्नाटकची हद्द. चहूकडे ऊस, पण गावाची ओळख उसाची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे चांदीचे दागिने बनताहेत. हा धंदा सोनारांपुरता राहिला नाही, हे त्याचं वैशिष्ट्य. शेतकऱ्याच्या घरात ऐरण आली, जैन-लिंगायतांच्या घरात आली, मराठ्यांच्या, मुसलमानांच्या, दलितांच्या घरात आली. हळूहळू आजूबाजूच्या खेड्यांतही काम पसरलं. पैंजण, छुमछुम, वाळे, जोडवी, मासोळ्या, करगोटे असा माल इथून देशभर जायचा. ‘चंदेरी नगरी’ असं नाव पडलं.

आता या चंदेरी नगरीची कळा उतरलीय. धंदा संपलेला नाही, पण पूर्वीचा राहिलेला नाही. त्यामुळे गावात चार माणसं जमली की जुन्या आठवणी निघतात. काय दिवस होते, रात्री बारापर्यंत गल्लीत ठोकाठोक असायची, हाताला उसंत नव्हती, वगैरे. मलाही त्या आठवणी येतात आणि बऱ्या वाटतात. पण गेली काही वर्षं गावातल्या आणि आसपासच्या बायकांच्या गटांबरोबर काम करताना माझ्या एक गोष्ट लक्षात आलीय. या आठवणी सांगणारे बहुतेक पुरुष असतात, आणि त्यांच्या आठवणीत बायका चहा घेऊन येतात. तेवढ्यापुरत्याच येतात. म्हणून आज मी त्याच दिवसांबद्दल बोलणार आहे, पण माजघरातून.

पाय झटका, मग बाहेर जा

आमच्या घराला तीन खोल्या. पुढच्या खोलीत वडिलांचं काम. मधल्या खोलीत आई, आज्जी, शेजारची आक्का आणि आम्ही पोरी. मागे स्वयंपाकघर.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी चांदीची आटणी होते. चांदी मुशीत वितळवायची, पाहिजे त्या टंचाप्रमाणे तिच्यात तांबं वगैरे मिसळायचं, ओतायची. टंच म्हणजे शुद्धता. शंभरात किती चांदी, तेवढा टंच. मग तिची तार ओढायची नाहीतर पत्रा काढायचा. हे भट्टीचं आणि यंत्राचं काम पुरुषांचं. तारेच्या कड्या झाल्या की त्या मधल्या खोलीत यायच्या. कडीत कडी अडकवायची, तोंड चिमट्याने मिटवायचं, ओळीने मांडायच्या. मग झाळकाम. सवागी आणि झाळाची भुकटी लावून ज्योतीने सांधा भरायचा. त्यानंतर घुंगरू लावायचे, फासा बसवायचा, तेजाबाच्या पाण्यातून काढायचं, रिठ्याच्या फेसात घासून उजळायचं. एका पैंजणाला शेकड्याने सांधे असतात. ते बहुतेक बायकांच्या बोटांखालून जायचे.

सकाळी उठल्यावर पहिला आवाज ऐरणीचा. दुपारी रिठ्याचा वास. संध्याकाळी शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि पाटावर बसायचं. रेडिओवर सांगली केंद्र लागलेलं असायचं. आज्जी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. जातं केव्हाच बंद पडलं होतं, ओव्या कड्यांवर चालू होत्या. आक्का गावातल्या सगळ्या बातम्या सांगायची. कुणाच्या घरात मारहाण झाली, कुणाची सून माहेरी गेली, कुणाची पोर शाळेतून काढली, हे सगळं मला पहिल्यांदा त्या पाटावर कळलं. समाजकार्याच्या कॉलेजात ‘गटकार्य’ हा विषय शिकले तेव्हा मला फार नवं वाटलं नाही.

आणि एक गोष्ट हुपरीच्या प्रत्येक पोरीला आठवत असेल. मधल्या खोलीतून बाहेर जायचं तर आधी पाय झटकायचे. उंबऱ्याच्या आत, फडक्यावर. पायाला चांदीचा कण चिकटलेला असेल तर तो बाहेर जाता कामा नये. खोली मऊ कुंचल्याने झाडायची आणि केर टाकायचा नाही, डब्यात भरून ठेवायचा. तो केर झारेकरी विकत घेतात. माती धुऊन, गाळून, आटवून त्यातून चांदी काढणारे ते झारेकरी. आमच्या घरातला केरसुद्धा विकला जायचा, त्याला भाव होता.

प्रत्येक गोष्टीचं वजन

हे एवढं तपशिलाने सांगण्याचं कारण आहे. चांदीच्या धंद्यात सगळं वजनावर चालतं. चांदी वजन करून द्यायची, दागिना वजन करून घ्यायचा. कामात थोडी घट होते, ती किती धरायची ते ठरलेलं. त्याहून जास्त तूट आली तर मजुरीतून कापायची. मजुरीसुद्धा किलोवर. ग्रॅमच्या भागापर्यंत हिशोब करणारा हा धंदा आहे, चांदीचा कण कुठे जात नाही.

पण या सगळ्या हिशोबात एक गोष्ट कधी मोजली गेली नाही. बाईचे तास. किलोवर मजुरी म्हटलं की तो किलो किती हातांनी किती वेळात पुरा केला, हा प्रश्नच येत नाही. बारीक कडीचा किलो आणि जाड कडीचा किलो यांच्या दरात फरक असतो, पण वेळेत जेवढा फरक पडतो तेवढा दरात नसतो. आई पहाटे उठून पाणी भरायची, भाकऱ्या थापायची, आमचं आवरून पाटावर बसायची. स्वयंपाकाला उठायची, पुन्हा बसायची. रात्री दिव्याखाली पुन्हा. हिशोब व्हायचा वडिलांच्या नावावर. ‘कारागीर’ वडील. आई त्यांना ‘हातभार’ लावायची.

घरी कुणी पाहुणा आला आणि आईला विचारलं, काय काम करता, तर ती हसून म्हणायची, “काम कसलं वं? घरात बसून कड्या जोडतो नव्हं.” आमच्याकडे बायकाही ‘करतो, जातो’ असंच बोलतात, हे तुम्हाला माहीतच आहे. बोलण्यात पुरुषाच्या बरोबरीने, मजुरीत मात्र नाही!

तो ‘बसून’ हा शब्द बघा. सुतार बसूनच काम करतो, कारकून बसूनच काम करतो, त्यांना कुणी ‘बसलेला’ म्हणत नाही. बाई दहा तास पाठ वाकवून बसली की ती घरात ‘बसलेली’. हा शब्द आधी घरात वापरतात, मग जनगणनेच्या कागदावर येतो, मग रेशनकार्डावर, मग बँकेत. माझ्या आईने एकदा स्वतःच्या नावावर थोडं कर्ज मागितलं. पोरींच्या शिक्षणासाठी पाहिजे होतं. वीसेक वर्षं चांदीच्या धंद्यात काढलेल्या बाईसमोर कारकुनाने फॉर्म ठेवला आणि व्यवसायाच्या रकान्यात तिला न विचारता ‘गृहिणी’ लिहिलं. उत्पन्न: निरंक. कर्ज मिळालं नाही. ती काही बोलली नाही. घरी येऊन पाटावर बसली आणि रात्रीपर्यंत उठली नाही.

मग पैंजण घालायचे की नाही?

चळवळीत आल्यावर पहिल्याच शिबिरात एका ताईंनी मला सांगितलं, पैंजण म्हणजे बाईच्या पायातली बेडी. ती कुठे जाते हे घरात ऐकू यावं म्हणून घातलेली घंटा. मी ऐकून घेतलं. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. सुनेच्या पावलाचा आवाज सासूला कळावा हा हेतू नव्हताच, असं कोण म्हणेल?

पण मला दुसरी बाजूही माहीत होती. सोनं पायात घालत नाहीत, आणि गरिबाच्या घरात ते गळ्यातही नसतं. शेतमजूर बाईच्या अंगावर जे काही स्वतःचं म्हणून असतं ते चांदीचं. पायातले वाळे, कमरेचा करगोटा, तोरड्या. नवऱ्याच्या नावावर जमीन, सासऱ्याच्या नावावर घर, तिच्या नावावर पाव-अर्धा किलो चांदी. दुष्काळात, आजारपणात, पोरीच्या बाळंतपणात तीच मोडून निभावायचं. म्हणजे ज्या दागिन्याला आपण बेडी म्हणतो तोच तिचा विमा आणि तोच तिचा सातबारा होता.

आणि त्या बेडीच्या कड्या जोडून आणखी एक बाई दोन पैसे मिळवत होती. पैंजण घालायचे की नाही ते जिचं तिने ठरवावं. माझा प्रश्न एवढाच आहे की घालणारीचा विचार आपण पुष्कळ केला, जोडणारीचा कधी करणार?

धंदा बसला म्हणजे नेमकं काय झालं

आता पडत्या काळाकडे येते. पुष्कळजण म्हणतात की चांदी महागली आणि धंदा बसला. ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही.

२००० सालच्या आसपास चांदी किलोला आठ हजारांच्या घरात होती. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. हजारांच्या भांडवलात लहान माणूस धंदा करू शकायचा. थोडी स्वतःची चांदी, थोडी उसनी, घरच्यांचे हात, आणि माल पिशवीत घेऊन रेल्वेने फिरती. आमचे वडील महिन्यातले कितीतरी दिवस परमुलखात असायचे. ते घरी नसताना काम थांबायचं नाही. चांदी सांभाळायची, माल पुरा करायचा, घेणेकऱ्याला तोंड द्यायचं, सगळं आई करायची. पण व्यापारी आला की विचारायचा, “मालक हायत का?”

मग दर चढत गेले. एप्रिल २०११ मध्ये चांदी किलोला सत्तर हजारांच्या वर गेली आणि मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच पन्नास-पंचावन्न हजारांच्या आसपास कोसळली. जगभर कोसळली होती, पण आमच्या गल्लीत त्याचा अर्थ असा होता की चढ्या भावात घेतलेली चांदी घरात आणि उतरलेल्या भावात विकायचा माल. मी त्या वर्षी एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षाला होते. वडिलांनी चढ्या भावात उधारीवर चांदी उचलली होती. व्यापारी दारात आला. पहिल्यांदा काय गेलं? आईच्या अंगावरची चांदी. ती तिच्या माहेरची होती. मग तिची भिशी. तिसऱ्या क्रमांकावर वडिलांची मोटारसायकल.

यात आमचं घर काही वेगळं नव्हतं. तोटा आला की आधी बाईच्या अंगावरून भरायचा, हा न लिहिलेला नियम आहे. बाईचं काम हिशोबात नसतं, पण बाईचं स्त्रीधन भांडवल म्हणून लगेच हिशोबात येतं.

त्याच्या जोडीला इतर गोष्टी होत्याच. सेलम, आग्रा, मथुरा, राजकोट इथला माल स्पर्धेला आला. साखळी यंत्रावर बनायला लागली. आमच्या मधल्या खोलीत जे दिवसभर चालायचं ते यंत्र थोड्या वेळात करतं. शिकलेल्या मुलींना जाड पैंजण नकोसे झाले, त्यांना नाजूक पाहिजेत, कधीतरी घालायला पाहिजेत. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली. रोखीवर चालणारा धंदा, आठवड्याची मजुरी थांबली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. मोठ्यांनी हिशोबनीस ठेवले, लहानांना ते जमलं नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी. लग्नसराई गेली, यात्रा गेल्या, फिरती बंद. आणि २०२५ मध्ये सुरुवातीला नव्वद हजारांच्या आसपास असलेली चांदी त्याच वर्षात दीड लाखाच्या पुढे गेली. एका किलोला एवढे पैसे घालून घरात काम काढणं लहान माणसाच्या आवाक्याबाहेर गेलं. ज्याच्याकडे भांडवल आहे, यंत्र आहे, त्याचा धंदा चालू आहे. मोडलाय तो घरातला धंदा.

पुरुष काय करतात? काही कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतीत गेले, काही दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरीला लागले. नोकरी लहान असली तरी हजेरी लागते, पगार नावावर येतो. बायकांचं काय? यंत्राने साखळी बनवली तरी घुंगरू लावणं, फासा बसवणं, किरकोळ जोडकाम हाताचंच राहिलं. ते अजून घरी येतं. पण आता पूर्ण पैंजण तिच्या हातात नसतो, एक तुकडा असतो. दर तिने ठरवायचा नाही; परवडत नसेल तर दुसऱ्या गल्लीत देतो म्हणतात. आणि काम रोज येईलच असं नाही. मग मधल्या दिवसांत शेतावर भांगलण, नाहीतर बचत गटाचं कर्ज, त्याच्या डोक्यावर मायक्रोफायनान्सचं कर्ज. हप्त्याचा दिवस ठरलेला, कामाचा ठरलेला नाही.

म्हणून जुन्या दिवसांच्या आठवणी काढणाऱ्यांची मी चेष्टा करत नाही. बायकांनाही ते दिवस हवेसे वाटतात. माझी आई म्हणते, मजुरी थोडी होती पण वर्षभर होती, आणि भिशीचे पैसे माझे होते. पाटावर चारजणी असायच्या. आता आक्का तिच्या घरात, आई तिच्या घरात, दोघींच्या समोर टीव्ही. ही हानी खरी आहे. फक्त तिचा हिशोब पूर्ण मांडला पाहिजे.

निपाणी आणि हुपरी

आपल्या चळवळीतल्या जुन्या मैत्रिणींना निपाणी आठवत असेल. हुपरीहून फार लांब नाही, कर्नाटकच्या हद्दीत आहे. १९८० च्या आसपास तिथल्या तंबाखूच्या वखारींतल्या बायका उभ्या राहिल्या. पगार, कामाचे तास, मुकादमाचा त्रास या सगळ्यावर बोलल्या, संप केला. दीपा धनराज आणि त्यांच्या युगांतर या गटाने त्यावर १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. आपल्या कितीतरी गटांनी तो दाखवलाय. मी तो शिबिरात पहिल्यांदा बघितला आणि माझ्या मनात आलं, एवढ्या जवळ हे घडलं, मग आमच्या गावात असं काही का झालं नाही?

हुपरीच्या बायका भित्र्या होत्या म्हणून नाही. निपाणीच्या बायका एका छपराखाली होत्या. सकाळी एका दारातून आत, संध्याकाळी एका दारातून बाहेर. मालक दिसत होता, मुकादम दिसत होता, शेजारणीचा खोकला ऐकू येत होता. आमच्याकडे कारखाना म्हणजे आपलंच घर, मुकादम म्हणजे आपलाच नवरा किंवा दीर. चांदी कुणाकडून आली आणि माल कुठल्या पेढीवर जाणार हे कितीजणींना माहीत असतं? संप करायचा तर कुणाविरुद्ध, स्वयंपाकघराविरुद्ध?

पण घरातून काम करणाऱ्यांना हक्क मिळूच शकत नाहीत, असं नाही. विड्या वळणाऱ्या लाखो बायका घरीच वळतात. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानलं. १९७६ च्या कायद्याने त्यांच्यासाठी कल्याण निधी झाला, ओळखपत्रं मिळाली, त्यावर दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती मिळाली. अंमलबजावणीत शंभर भोकं होती, पण कागदावर ती कामगार होती. ते लढून मिळालं. चांदीच्या कड्या जोडणारी आणि विडी वळणारी, दोघी आपापल्या उंबऱ्याच्या आत. एकीच्या हातात कार्ड, दुसरीच्या हातात काही नाही.

१९८८ साली इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने ‘श्रमशक्ती’ अहवाल दिला. घरात बसून उद्योगासाठी राबणाऱ्या बायकांना कामगार म्हणून मोजा, हे त्यात सांगितलं होतं. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने गृहाधारित कामाबद्दल १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात गृहाधारित कामगाराची व्याख्या आली, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. २०२१ पासून ई-श्रम नोंदणी आहे. म्हणजे नाव आहे, व्याख्या आहे. पण व्याख्येने मजुरीचा दर ठरत नाही.

खोकला आणि पाठ

तब्येतीबद्दल दोनच गोष्टी सांगते, कारण त्यावर वेगळं सत्र घ्यायला पाहिजे. चांदीच्या झाळात कॅडमियम वापरलं जातं तेव्हा त्याचा धूर फुप्फुसाला आणि मूत्रपिंडाला घातक असतो. जुनी चांदी शुद्ध करताना शिसं वापरलं जातं. पश्चिम महाराष्ट्रातल्या चांदी कामगारांच्या रक्तात शिशाचं प्रमाण वाढलेलं असल्याचं वैद्यकीय संशोधकांनी नोंदवलंय. शिसं गरोदर बाईच्या रक्तातून पोटातल्या मुलापर्यंत जातं. कारखान्यात पंखा, धुराडं लावा असं सांगता येतं. पण घराच्या मधल्या खोलीत झाळकाम चाललंय, पलीकडे पाळणा आहे, तिथे तपासणीला कोण येणार? दवाखान्यात गेल्यावर बाईला विचारतात, काय करता? ती म्हणते, घरीच असतो. डॉक्टर तिला अशक्तपणाच्या गोळ्या देऊन पाठवतात.

आणि मुली. आम्ही सगळ्याजणी सुट्टीत पाटावर बसून वाढलो. १९८६ च्या बालकामगार कायद्यात घरच्या धंद्याला सूट होती. २०१६ ला कायदा बदलला तरी शाळेव्यतिरिक्तच्या वेळात घरच्या उद्योगात मदत करायची मुभा राहिली. घरात हात कमी पडले की मुलाला शिकवणीला पाठवतात आणि मुलीच्या हातात चिमटा देतात. या पाटाच्या आठवणी मला प्रिय आहेत, पण माझ्या बरोबरच्या ज्या मुली सातवीनंतर पाटावरून उठल्याच नाहीत त्यांना त्या तेवढ्या प्रिय नाहीत.

आता काय करायचं

१ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यालाही ओळख क्रमांक द्यायची सोय झालीय. सक्ती नाही, ऐच्छिक आहे. हॉलमार्क केलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. त्यावरून तो कुणी हॉलमार्क करून घेतला, कुठे तपासला, शुद्धता किती, ते कळतं. ग्राहकासाठी चांगलं आहे. पण विचार करा, पैंजणाला ओळख क्रमांक मिळाला आणि तो जोडणारीची अजून कुठेच नोंद नाही.

आमच्या गटांनी सध्या एक साधं काम हाती घेतलंय. प्रत्येकीने एक वही ठेवायची. रोज किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, कुठला माल, किती वजन, कुणाकडून आला, काय दर मिळाला, तूट म्हणून किती कापलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या मुली लिहितात. पहिल्याच आठवड्यात एका काकींनी वही बघून विचारलं, “एवढा येळ बसतो व्हय मी?” नवऱ्यालाही दाखवली. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी पाणी त्याने भरलं. आता पुढे तो किती दिवस भरतोय ते बघायचं!

या वह्यांवरून तीन मागण्या मांडता येतील. पहिली, चांदी जोडकाम करणाऱ्या बायकांना त्यांच्या स्वतःच्या नावाने ओळखपत्र, माल देणाऱ्याच्या नोंदीसकट. दुसरी, मजुरीचा दर किलोबरोबर वेळेवरही ठरवायचा. बारीक कामाला वेगळा, आणि किमान वेतनाच्या खाली कुठलाच नाही. तिसरी, कल्याणकारी मंडळ. माथाडींसाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला, घरेलू कामगारांसाठी २००८ साली मंडळाचा कायदा केला. ते झालं तर आमच्यासाठी का नाही? वर्षातून एकदा रक्ताची तपासणी एवढं जरी त्या मंडळातून मिळालं तरी पुष्कळ.

काहीजणी म्हणतील, धंदाच चाललाय, आता मागण्या कशाच्या? मला वाटतं, आत्ताच. धंदा पूर्ण मोडेल तेव्हा भरपाईची, कर्जमाफीची, प्रशिक्षणाची काही योजना आली तर ती कारागिरांना मिळेल. कारागीर कोण, हे कागदावरून ठरेल. त्या कागदावर बायका असायला पाहिजेत.

आणि हे हुपरीपुरतं नाही. तुमच्या गावांकडेही बघा. इचलकरंजीत कांड्या भरणाऱ्या, कोल्हापुरात चपलांच्या वेण्या गुंफणाऱ्या, कुंभारवाड्यात माती मळणाऱ्या आणि गणपतीला रंग देणाऱ्या बायका आहेत. मडकं कुंभाराचं, चप्पल चांभाराची, पैंजण सोनाराचे, असं म्हणतात, आणि प्रत्येक ठिकाणी निम्मं काम माजघरात होतं.

तेव्हा पुढच्या तिमाही बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपल्या गावातला असा एक घरचा धंदा निवडावा, निदान पाचजणींच्या एका आठवड्याच्या वह्या बरोबर आणाव्यात. चांदीच्या वह्या आम्ही आणतो. कोऱ्या वहीचा नमुना चहाच्या टेबलाजवळ ठेवलाय, जाताना एकेक घेऊन जा.